जड इंटरकूलर गाडीत पक्का कसा बसवावा : नागपूरच्या उन्हात आणि रस्त्यांवर टिकणारी बांधणी

टर्बो गाडीच्या नाकाशी बसवलेला मोठा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणारी जाळीदार पेटी, सैल झाला, तर तो एका दिवसात गळून पडत नाही. आधी खडबडीत रस्त्यावर बंपरच्या आतून बारीक खडखड ऐकू येऊ लागते, मग त्यामागे असलेल्या एसीच्या कंडेन्सरच्या नाजूक फिनांवर (धातूच्या पातळ पापुद्र्यांवर) घासल्याची चकाकती रेघ उमटते, आणि ऐन मे महिन्यात एसीतून कोमट वारा यायला लागल्यावर गाडीमालकाला कळते की कंडेन्सरला भोक पडून गॅस केव्हाच निघून गेला आहे. अशा वेळी दोष बहुधा इंटरकूलरला दिला जातो. प्रत्यक्षात इंटरकूलर चांगला असतो. त्याला धरून ठेवणारी दोनशे रुपयांची पट्टी चुकीची असते.

कंपनीने बसवलेला मूळ इंटरकूलर बहुधा पातळ नळ्यांचा आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्यांचा असतो, त्यामुळे रबरी खुंट्यांवर तो सहज तोलला जातो. बाजारात मिळणारा बार-अँड-प्लेट प्रकारचा कोर (पुढे इंटरकूलरलाच कोर म्हटले आहे) मात्र पूर्ण ॲल्युमिनियमचा, जाड पट्ट्यांचा आणि वेल्ड केलेल्या टाक्यांचा असतो; आकारानुसार तो आठ, दहा, कधी बारा किलोंपर्यंतही जातो. हिशेब हाताशी राहावा म्हणून या लेखात एकच उदाहरण धरले आहे : वजन साडेनऊ किलो, कोरची लांबी ६०० मिलिमीटर आणि पाइप जोडायच्या दोन्ही तोंडांचा आतील व्यास ६३ मिलिमीटर. आपल्या हातातील कोरचे वजन मात्र घरच्या काट्यावर प्रत्यक्ष करूनच घ्यावे; खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये.

सगळ्या कामाचे सूत्र एकच आहे : इंटरकूलर टांगू नये, बसवावा. त्याचे वजन खालच्या दोन आधारांनी पेलावे, वरच्या आधारांनी फक्त तो पुढे-मागे डोलू नये एवढेच पाहावे, आणि उष्णतेने तो लांबेल तेव्हा त्याला लांबायला जागा असावी. पुढचे प्रत्येक पाऊल याच सूत्रातून निघते.

कोर विकत घेण्यापूर्वी

प्रथम आपल्या गाडीत इंटरकूलर कोठे आहे ते नीट पाहावे, कारण सगळ्या टर्बो गाड्यांत तो बंपरमागे नसतो. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या १.० लिटर टीएसआय इंजिनात तो पाण्याने थंड होणारा असून थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणाऱ्या भागातच, बसवलेला आहे. टोयोटा फॉर्च्युनरच्या जुन्या ३.० लिटर डिझेलमध्ये तो इंजिनावर, बोनेटवरील खाचेखाली असतो. काही गाड्यांत तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये दडलेला असतो, तर काहींत बंपरच्या एका कोपऱ्यात, चाकासमोर. या लेखातील पद्धत बंपरमागे, कंडेन्सरच्या पुढे बसवायच्या हवा-ते-हवा, म्हणजे समोरच्या वाऱ्याने थंड होणाऱ्या, प्रकारासाठी आहे.

दुसरा प्रश्न जाडीचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवीन नाही. ४५ अंशांची हवा टर्बोने एक बार बूस्टपर्यंत (म्हणजे वातावरणापेक्षा एक बार जास्त दाबापर्यंत) दाबली आणि टर्बोच्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती हवा १४० अंशांच्या पुढे तापून बाहेर पडते. म्हणून इथे मोठ्या इंटरकूलरचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु कोरमधून गरम होऊन निघालेला वारा पुढे कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यातूनच जातो. शंभर मिलिमीटर जाडीचा कोर रोज चालवायच्या गाडीत बसवला, तर व्हेरायटी चौकातील दुपारच्या सिग्नलला एसी मान टाकतो आणि पाण्याचा काटा वर सरकतो. माझ्या मते रोजच्या वापराच्या गाडीला ५० ते ६५ मिलिमीटर जाडीचा, पण रुंद आणि उंच कोर अधिक योग्य ठरतो. शिवाय पातळ कोरचे वजन बंपरच्या बीमच्या जवळ राहते आणि पट्टीची बाहेर आलेली लांबी कमी होते, याचे महत्त्व पुढे हिशेबात दिसेलच.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आपली गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथे, म्हणजे एमएच ३१, एमएच ४९ किंवा ग्रामीणसाठी एमएच ४० जिथे येते त्या कार्यालयात, चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

पुढचा भाग मोकळा करणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घालावा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, कारण रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो, आणि पुढच्या भागात एअरबॅगचे धक्का ओळखणारे सेन्सर असतात. हे सेन्सर बहुधा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर किंवा चासीच्या पुढच्या दांड्यांवर असतात. ते हलवू नयेत, त्यांच्या बोल्टाखाली पट्टी दाबू नये आणि त्यांच्या पुढ्यात जड वस्तू आणून ठेवू नये. गाडी जॅकवर नव्हे तर जॅक स्टँडवर ठेवावी. अंगणातील फरशी स्टँडच्या पायाखाली तडकू शकते, म्हणून खाली जाड लाकडी फळी टाकावी.

बंपर, चाकापुढील प्लास्टिकचे आवरण आणि खालचे झाकण उतरवताना प्रत्येक क्लिप आणि स्क्रू कोठून निघाला हे मोबाइलच्या फोटोत टिपून ठेवावे. कंडेन्सरच्या नळ्या सोडू नयेत. त्या दाबाखालील गॅसने भरलेल्या असतात, आणि कंडेन्सर थोडा मागे-पुढे करायचा असेल तर तो फक्त त्याच्या रबरी खुंट्यांवरून, नळ्यांना पीळ न पडता, जेवढा हलेल तेवढाच हलवावा.

बंपर उतरल्यावर त्यामागे जो आडवा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा बीम दिसतो, तो धडकेत आपला जीव वाचवण्यासाठी आहे. तो कापू नये, त्याला भोके पाडू नयेत, त्यावर वेल्डिंग करू नये. «थोडासा बीम कापला की कोर मस्त बसतो» असे सांगणारे फॅब्रिकेटर भेटतात. त्यांचे काम तिथेच थांबवावे आणि लहान कोर घ्यावा. चासीच्या पुढच्या दांड्यांनाही हेच लागू आहे, कारण त्यांचे पोलाद विशिष्ट रीतीने चुरगळावे असे बनवलेले असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा तो गुण जातो.

पुठ्ठ्याचा नमुना

टीव्ही किंवा कुलरच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन कोरच्या अचूक मापाची पेटी बनवावी, टाक्या आणि तोंडांसकट. साडेनऊ किलोचे धूड हातात धरून मापे घेण्यापेक्षा ही पेटी सेलो टेपने जागेवर चिकटवून मागे-पुढे सरकवणे फार सोपे जाते, आणि कंडेन्सरच्या फिनाही वाचतात.

पेटी ठेवताना चार अंतरे तपासावीत. कंडेन्सर आणि कोर यांच्यात निदान १५ मिलिमीटर अंतर राहावे, कारण रबरावर बसलेला कोर धक्क्याला काही मिलिमीटर हलणारच. बंपरचा बीम आणि कोर यांच्यात निदान १० मिलिमीटर. बंपरची आतली बाजू आणि कोर यांच्यातही तेवढेच. हे शेवटचे अंतर पाहण्यासाठी पेटीवर ओल्या मातीचे गोळे चिकटवून बंपर एकदा दाबून बसवावा आणि काढावा, म्हणजे मातीची उरलेली जाडी हेच खरे अंतर. चौथे अंतर जमिनीपासूनचे : कोरची खालची कड बंपरच्या खालच्या कडेपेक्षा वर असलीच पाहिजे. नागपूरच्या वस्त्यांतील रहिवाशांनी स्वतःच बांधलेले गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत, आणि गाडीत पाच माणसे व डिकीत संत्र्यांची पेटी असताना ब्रेक लागला की नाक आणखी खाली जाते.

पट्टीचा हिशेब

बहुतेक बांधण्या याच ठिकाणी फसतात, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

साडेनऊ किलो हे वजन गाडी उभी असतानाचे झाले. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा कोरचे वजन क्षणभर कित्येक पटींनी वाढल्यासारखे आधारांवर येते. मी बांधणी करताना पाचपट धरतो, म्हणजे सुमारे ४७ किलो. दोन खालचे आधार असतील तर प्रत्येकावर २४ किलोंच्या आसपास. आता पट्टी बोल्टापासून कोरच्या मध्यापर्यंत १२० मिलिमीटर बाहेर आलेली आहे असे समजू. तिच्या मुळाशी येणारा वाकवणारा जोर सुमारे २८ न्यूटन-मीटर होतो.

२५ बाय ५ मिलिमीटरची साधी लोखंडी पट्टी आडवी ठेवली, म्हणजे तिची २५ मिलिमीटरची बाजू जमिनीला समांतर ठेवली, तर या जोराने तिच्यात निर्माण होणारा ताण सुमारे २७० मेगापास्कल येतो. साधे लोखंड २५० च्या आसपास कायमचे वाकते. तीच पट्टी, तेवढ्याच वजनाची, फक्त उभी ठेवली तर ताण पंचावन्नच्याही खाली येतो, म्हणजे पाचपट कमी. लोखंड तेवढेच, खर्च तेवढाच. फरक फक्त ती कशी ठेवली याचा. तरीही दहांतल्या आठ गाड्यांत मला पट्टी आडवीच दिसते, कारण आडवी पट्टी हातोडीने वाकवून जागेवर आणणे सोपे असते.

उभी पट्टी बोल्टाने धरायची तर तिला एक आडवा पाय लागतो. म्हणून २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा एल-अँगल घेणे, किंवा आडव्या पट्टीच्या खाली त्रिकोणी तिरकी पट्टी वेल्ड करून घेणे, हे दोन चांगले मार्ग आहेत. इतवारीतील लोहा ओळीत हा अँगल हव्या त्या लांबीत कापून मिळतो. ॲल्युमिनियमची पट्टी वजनाला हलकी म्हणून आकर्षक वाटते, परंतु पोलादावरील ताण एका मर्यादेखाली राहिला तर ते लाखो हेलकावे सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, ते हळूहळू थकतच जाते. सतत थरथरणाऱ्या जागी मी पोलादच वापरतो.

वेल्डिंग नेहमी पट्टी गाडीतून काढून, बाकावर ठेवून करावे. कोपऱ्यात काटकोनाची धारदार खाच ठेवू नये. कानसने ती गोल करावी, कारण तडा तिथूनच सुरू होतो. भोक पाडताना कडेवर उठलेली धातूची धारदार किनारही कानसने काढावी. भोक पट्टीच्या कडेपासून निदान त्याच्या व्यासाच्या दीडपट आत असावे. शेवटी रेड ऑक्साइड आणि रंग, किंवा शक्य असेल तर झिंक प्लेटिंग अथवा पावडर कोटिंग करून घ्यावे.

पट्टी गाडीला धरण्यासाठी नवे भोक पाडण्यापूर्वी कंपनीने दिलेली भोके शोधावीत. बीम चासीला ज्या बोल्टांनी जोडलेला असतो ती जागा सर्वांत मजबूत. मात्र पट्टी बीम आणि चासी यांच्यामध्ये सरकवू नये, कारण पट्टीच्या जाडीइतका बीम पुढे येतो आणि बंपरच्या फटी बिघडतात. ती बोल्टाच्या डोक्याखाली यावी, आणि तेवढ्या जास्त लांबीचा, मूळ बोल्टाच्याच किंवा त्यापेक्षा वरच्या ग्रेडचा बोल्ट घेऊन गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील टॉर्कवर (आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोरावर) आवळावा. पोकळ पेटीसारख्या भागातून आरपार बोल्ट घालावा लागला, तर आत लोखंडी नळीचा तुकडा स्लीव्ह म्हणून घालावा, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच चेपते. मागून हात पोहोचत नसेल तर ८ एमएमचा पोलादी रिव्हनट (भोकात रिव्हेटसारखा फुगवून बसवायचा आट्यांचा नट) चालतो, पण तो फक्त वरच्या, तोल सांभाळणाऱ्या आधारांसाठी. वजन पेलणाऱ्या खालच्या आधारांसाठी नव्हे. रेडिएटरची प्लास्टिकची चौकट, बंपरचे प्लास्टिक आणि स्वतः रेडिएटर यांच्यावर एक किलोही टाकू नये. फिनांमधून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तर खेळण्यातल्या गाडीसाठी ठेवाव्यात.

बोल्ट आणि आटे

हार्डवेअरच्या दुकानात «तेरा नंबरचा बोल्ट द्या» म्हटले की ८ एमएमचा बोल्ट मिळतो, पण कोणत्या ग्रेडचा ते कोणी सांगत नाही. डोक्यावर ८.८ असे उठावात लिहिलेले असावे. डोके कोरे असेल तर तो बहुधा साधा बोल्ट असतो, आणि ४.६ ग्रेडचा साधा बोल्ट २४० मेगापास्कलला ताणला जातो, तर ८.८ चा ६४० ला. किंमतीतील फरक चहाच्या कपाएवढाही नाही.

पोलादात ८ एमएमचा ८.८ बोल्ट कोरडा असताना सुमारे २५ न्यूटन-मीटर आणि ६ एमएमचा सुमारे १० न्यूटन-मीटर आवळतात. इंटरकूलरच्या टाकीवर वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमच्या बॉसमध्ये (बोल्टासाठी आटे पाडलेल्या जाड ठोकळ्यात) मात्र आटे मऊ असतात. तिथे कोर बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाळावा; तो नसेल तर मी १५ वर थांबतो. बोल्ट आट्यांत निदान १६ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या दुप्पट, शिरला पाहिजे. बॉसची खोली अगरबत्तीच्या काडीने मोजावी, म्हणजे बोल्ट तळाला टेकून आवळला गेल्याचा खोटा भास होणार नाही. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकत्र आले, त्यात पावसाळ्याचे पाणी शिरले की आटे गंजून जाम होतात, म्हणून तिथे अँटी-सीझ लावावे. मात्र वंगण लागलेल्या आट्यांत तोच टॉर्क बोल्टाला जास्त ताणतो, हे ध्यानात घेऊन आकडा थोडा कमी ठेवावा. साध्या नटाच्या जागी नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट वापरावा आणि एकदा उतरवलेला नायलॉक पुन्हा चढवू नये.

रबर, आणि लांबायला जागा

हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्या गाडीत चारही कोपऱ्यांवर कोर थेट लोखंडाला आवळून बसवला होता. इतका घट्ट की कोर धरून हलवला तर गाडी हलावी. एका उन्हाळ्यानंतर टाकी आणि कोर यांच्या वेल्डमध्ये केसाएवढा तडा गेला. बूस्ट येताना शीळ ऐकू यायची आणि तरीही मी आठवडाभर टर्बोलाच दोष देत होतो.

कारण साधे आहे. ॲल्युमिनियम एका अंशामागे प्रति मीटर सुमारे २३ मायक्रोमीटर लांबते. ६०० मिलिमीटरचा कोर ८० अंशांनी तापला तर तो १.१ मिलिमीटर लांब होतो, आणि त्याला धरलेली लोखंडी चौकट तेवढी तापत नाही. दोन्ही टोके घट्ट असतील तर तो मिलिमीटर जायला जागा नसते. ताण वेल्डवर येतो, रोज, प्रत्येक फेरीला.

म्हणून खालच्या दोन आधारांपैकी एकाचे भोक गोल ठेवावे आणि दुसऱ्याचे आडवे लांबट. दोन्ही ठिकाणी रबरी बुश आणि त्यांच्या आत पोलादी नळी असावी. या नळीची लांबी रबराच्या एकूण जाडीपेक्षा सुमारे एक मिलिमीटर कमी ठेवावी. म्हणजे बोल्ट पूर्ण टॉर्कवर नळीला आवळला जातो आणि रबर फक्त एक मिलिमीटर दबते, चेपून जात नाही. रबर ईपीडीएमचे (ऊन आणि उष्णता सोसणारे कृत्रिम रबर), मध्यम कडक घ्यावे. जुन्या ट्यूबचे तुकडे घालण्याची पद्धत सर्रास दिसते. ते तुकडे इंजिनाच्या धगीने आणि उन्हाने एका मोसमात फाटतात आणि लोखंड ॲल्युमिनियमला टेकते. रबरामुळे दोन धातू वेगळे राहून गंज टळतो, हा आणखी एक फायदा.

वरच्या बाजूला दोन हलके आधार पुरेत. परंतु त्यांचे काम कमी समजू नये, आणि त्याचे कारण पुढच्या भागात आहे.

पाइपांचा जोर

इंटरकूलर सैल होण्यामागे वजनाइतकाच हवेच्या दाबाचा हात असतो, आणि त्याकडे क्वचितच कोणी पाहतो. ६३ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर असते. १.२ बार बूस्टला त्यावर ३८ किलोंचा रेटा येतो, आणि तो पाइप व टाकी यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. दोन्ही तोंडे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला, एक डावीकडे आणि एक उजवीकडे असतील तर कोरवरचे दोन रेटे एकमेकांना छेद देतात. मात्र दोन्ही तोंडे मागच्या बाजूला वळलेली असतील तर रेटे एकत्र होतात, आणि प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबल्यावर कोर पंचाहत्तर किलोंच्या जोराने पुढे, बंपरकडे ढकलला जातो. पाय काढला की परत मागे. अशा कोरला वरचे आधारही एल-अँगलचे आणि तिरकी पट्टी दिलेलेच हवेत. पातळ पत्र्याची पट्टी काही महिन्यांत वाकवलेल्या तारेसारखी तुटते.

यात इंजिनाच्या हालचालीची भर पडते. आडवे बसवलेले इंजिन गिअर बदलताना आपल्या रबरी माउंटवर सेंटिमीटरभर सहज झुलते. पाइप इंजिनाला आणि चासीला अशा दोन्ही ठिकाणी बांधला तर ती झुल सरळ कोरवर जाते. पाइप एकाच बाजूला बांधावा आणि मध्ये निदान एक फुगीर सिलिकॉन होज द्यावा. पाइपांच्या टोकांमध्ये १० ते १५ मिलिमीटर फट ठेवावी. टोकांना उठावाची कड असलीच पाहिजे, आणि क्लॅम्प त्या कडेच्या मागे, होजच्या काठापासून थोडा आत बसवावा. साध्या स्क्रूच्या होज क्लिपऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प, म्हणजे बोल्ट-नटाने आवळायचे रुंद पट्टे, घ्यावेत. बसवण्यापूर्वी पाइप आणि होजची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण टर्बोतून येणारा तेलाचा पातळ थर हाच होज निसटण्याचे मुख्य कारण असतो.

दाब आणि भार यांची चाचणी

बंपर चढवण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. पहिली भाराची. गाडी चाकांवर जमिनीवर उभी करून, हँडब्रेक ओढून, कोर न लावता फक्त खालच्या दोन आधारांवर जाड लाकडी दांडा कोरच्या मध्यरेषेवर येईल असा ठेवावा आणि त्याला रुंद पट्ट्याने पन्नास किलोची सिमेंटची गोणी जमिनीपासून वीतभर उंच टांगावी. हे वजन आपल्या पाचपटीच्या हिशेबाला जवळजवळ जुळते. दहा मिनिटांनी गोणी काढून पट्ट्या मूळ जागी परतल्या का ते फूटपट्टीने मोजावे. मिलिमीटरभरही कायमचा वाक राहिला असेल तर पट्टी बदलावी. गोणीखाली पाय ठेवू नये, हे सांगायला नको.

दुसरी गळतीची. टर्बोच्या बाजूचा आणि थ्रॉटलच्या बाजूचा असे दोन्ही पाइप इंजिनापासून सुटे करून दोन्ही टोके बुचांनी बंद करावीत, म्हणजे दाब इंजिनाच्या आत शिरून तेलाची सिले उडवणार नाही. एका बुचातून व्हॉल्व्हने हवा भरावी. पंक्चरच्या दुकानातील कंप्रेसरच्या टाकीत आपल्याला हव्या त्यापेक्षा कितीतरी जास्त दाब असतो, म्हणून मध्ये रेग्युलेटर हवाच, आणि दाब हळूहळू, आपल्या बूस्टपेक्षा किंचित वर न्यावा. बुचांसमोर उभे राहू नये. वरचाच ३८ किलोंचा रेटा त्यांच्यावर आहे. वेल्ड, क्लॅम्प आणि बॉस यांच्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. दाब उतरवल्याशिवाय एकही क्लॅम्प सैल करू नये.

हवेची वाट आणि जाळी

कोरच्या बाजूंनी आणि वरून वारा निसटत असेल तर तो फिनांमधून जाण्याचे कष्ट घेत नाही. बंपरच्या जाळीपासून कोरपर्यंत प्लास्टिकच्या शीटचा बोगदा आणि कडांना बंद छिद्रांचा फोम लावावा. पण कोरच्या कडेपासून कंडेन्सरपर्यंतही तशीच सील द्यावी, म्हणजे एसीला वारा मिळतो. समोर सहा ते आठ मिलिमीटर भोकांची तारेची जाळी बंपरला बांधावी, कोरला नव्हे. वर्धा आणि अमरावती रस्त्यांवर गिट्टी वाहून नेणाऱ्या ट्रकमागे चालताना या जाळीची किंमत वसूल होते.

रस्त्यावर

सगळे बोल्ट शेवटच्या टॉर्कवर आवळल्यावर प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पेंट मार्करने एक सरळ रेघ मारावी. प्रथम एसी लावून गाडी जागेवरच सुरू ठेवावी आणि कोरच्या वरच्या कडेवर बोट ठेवून पाहावे. हलकी थरथर ठीक; बोटाला मुंग्या आणणारी थरथर असेल तर वरच्या आधाराची लांबी कमी करावी किंवा रबर थोडे कडक घ्यावे.

मग रिंग रोडच्या सिमेंटच्या रस्त्यावर वीस किलोमीटर चालवावी. सिमेंटच्या दोन पाट्यांमधील सांध्यांचे एकसारखे ठोके ही बांधणीची डांबरी रस्त्यापेक्षा कडक परीक्षा असते. काच खाली करून, रेडिओ बंद ठेवून ऐकावे. परत येऊन बंपर न चढवता रेघा पाहाव्यात. त्यानंतर बंपर बसवून १०० आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी करावी, आणि ती झाल्याखेरीज शिवमडक्यावरून समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या मर्यादेपर्यंत वेग नेऊ नये. तिथे सुटलेला होज म्हणजे भर वेगात अचानक गेलेली ताकद, आणि मागे येणारा ट्रक.

पुढे वर्षातून दोनदा, पोळ्यानंतर चिखल धुताना आणि मार्चमध्ये ऊन वाढण्यापूर्वी, कोरकडे पाहावे. धुताना प्रेशर गन लांब धरावी, फिना आडव्या झाल्या तर हवा अडते. रबराला भेगा, कंडेन्सरवर चमकती रेघ, पट्टीच्या कोपऱ्यात रंगाला पडलेला केसाएवढा तडा, या तीन खुणा शोधाव्यात. रंग तडकला असेल तर त्याखालचे लोखंडही तडकत आहे असे धरावे. आणि बंपर शेवटचा चढवण्यापूर्वी बोल्टांवरच्या रेघांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी बंपर न उतरवता, खालच्या जाळीतून टॉर्च मारून तीच रेघ ताडून पाहता येते.